दुसरा धक्का

ज्या मुलीचा बाप गेला होता, तीच मुलगी, ज्याच्या हातून तो गेला त्याच्यासाठी वकील शोधत माझ्याकडे आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथलं ओळखपत्र गळ्यात तसंच लटकत होतं, काढायचं राहून गेलं असावं. बसायच्या आधीच म्हणाली, "माझ्या मामांची केस घ्याल का? बाइंडर मामा. तुमची पुस्तकं बांधायचे ते."

मी लगेच ओळखलं. कोर्टाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. निम्म्या वकिलांची पुस्तकं तिथूनच बांधून यायची. तो स्वतः गठ्ठा खांद्यावर घेऊन जिना चढायचा आणि टेबलावर ठेवताना म्हणायचा, "घ्या वकीलबाई, आतून कायदे भांडेनात का, बाहेरून तरी एकत्र राहतील." बारीक अंगाचा, पन्नाशी ओलांडलेला, बोटांच्या पेरांवर खळ वाळून पांढरी झालेली. लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर एकोणिसाव्या वर्षी तो थोरल्या बहिणीच्या घरी राहायला आला तो तिथलाच झाला. बाइंडिंग त्याला शिकवलं बहिणीच्या नवऱ्याने. त्याला तो दाजी म्हणायचा. पुढे दोघं मिळून दुकान चालवायचे आणि बहीण, म्हणजे ताई, बाहेरच्या खोलीत बसून छापून आलेल्या कागदांच्या घड्या शिवायची.

तेच दाजी आता नव्हते. दुकानात दोघांची बाचाबाची झाली, बाइंडरने त्यांना ढकललं, दाजी मागच्या मागे पडले आणि लोखंडी दाबयंत्राच्या पायावर डोकं आपटलं. तीन दिवस दवाखान्यात होते. चौथ्या दिवशी गेले.

"आई म्हणते, मामांनी रागाने ढकललं. तिने डोळ्यांनी बघितलंय," मुलगी म्हणाली. "मामा पोलिसांना म्हणाले, हो, ढकललं. पुढे तोंडच उघडत नाहीत. माझी आई खोटं बोलत नाही आणि मामा उगीच कुणाच्या अंगावर जाणारा माणूस नाही. मधलं काहीतरी गळलंय. ते तुम्ही शोधा."

"आईला माहीत आहे, तू इथे आलीस ते?"

"नाही. आणि कळलं तर ती अडवणारही नाही. ती हल्ली कशालाच नाही म्हणत नाही."

मी तेवीस वर्षं फौजदारी वकिली करते. त्यातली बरीच वर्षं मनुष्यवधाचे खटले लढवण्यात गेली. मारायचं मनात नव्हतं पण माणूस मेला, अशी ही प्रकरणं. खून वेगळा. कायदा या दोहोंत फरक करतो आणि माझ्या अनुभवाने सांगते, माणसंही वेगळी असतात. खुनाचा आरोपी पहिल्या भेटीत विचारतो, मी सुटेन का? हे लोक ते विचारत नाहीत. एका इमारतीच्या कामावरच्या मुकादमाने मला विचारलं होतं, त्या मजुराच्या पोरांना शाळेत कोण सोडतं? चुकीचं इंजेक्शन दिलेल्या एका नर्सने तर विचारलंच नाही काही; ती फक्त स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसायची. यांचा बचाव करताना सगळ्यात मोठा अडथळा सरकारी वकिलाचा नसतो. तो यांचाच असतो. शिक्षा व्हावी असं यांना आतून वाटत असतं.

तुरुंगातल्या मुलाखतीच्या खोलीत बाइंडर समोर बसला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न असा होता: "कटिंग मशीनची वायर काढून ठेवायला सांगाल? ताई एकटीच असते तिथे."

मी म्हटलं, "सांगते. आता मला सांगा, भांडण कशावरून झालं?"

"कामावरून."

"कसल्या कामावरून?"

"कामं असतात. घाई असते."

"जामिनाचा अर्ज करू या."

"नको. सुटून जाऊ कुठे? घर तिचंच आहे."

असे तीन आठवडे गेले. विहिरीत दोर सोडावा आणि बादली कोरडीच वर यावी तशी मी दर वेळी परत यायची. शेवटी धागा मिळाला तो भाचीकडून, आणि तोही बोलता बोलता. तिचे बाबा शेवटच्या वर्षात कसे चिडचिडे झाले होते ते ती सांगत होती. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि चौकटीलाच शिव्या द्यायचे. सायकल सोडून दिली, म्हणे गुडघा दुखतो. पण गुडघ्याला कधी काही लावलेलं तिने पाहिलं नव्हतं. बाजूने कुणी येऊन उभं राहिलं की दचकायचे.

मी विचारलं, "डोळे दाखवले होते का त्यांनी?"

लॅबमध्ये काम करणारी मुलगी. मला काय म्हणायचंय ते तिला लगेच कळलं. आठवड्याभरात तिने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाबांचं नाव शोधून काढलं. काचबिंदू. या दुखण्यात नजर कडेकडेने झिजत जाते. नाकासमोरचं दिसतं, बाजूचं नाही, आणि ते समोरचं भोकही बारीक होत जातं. दोन वर्षांपूर्वीची नोंद होती. पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकाच्या रकान्यात सही होती बाइंडरची.

पुढच्या मुलाखतीत मी एवढंच म्हटलं, "दाजींना दिसत नव्हतं ना?"

त्याने दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्यावर कपाळ टेकवलं. मग बोलला, आणि बोलला ते एका दमात.

डॉक्टरकडून परत येताना दाजींनी त्याच्याकडून वचन घेतलं होतं: ताईला सांगायचं नाही. त्यानेही उलट एक वचन घेतलं: कटिंग मशीनला हात लावायचा नाही. ते मशीन म्हणजे पायाने दाबायचा एक पायटा आणि हातभर लांबीचं पातं. गठ्ठा सरळ करून ठेवायचा, हात काढायचा, पायटा दाबायचा. पातं बोटं ओळखत नाही. दोन वर्षं बाइंडर एकटाच कटिंग करत होता आणि दाजींची पाठ धरते म्हणून सांगत होता. त्या दिवशी शाळांच्या वह्यांचं काम अंगावर आलं होतं. बाइंडर पुढच्या दाराशी गिऱ्हाइकाशी बोलत होता. परत फिरला तर दाजी मशीनपाशी. डावा हात गठ्ठ्यावर, पात्याच्या बरोबर खाली, आणि पाय खाली पायटा चाचपडतोय.

"मी ओरडलो आणि धावलो. खांद्याला धरून मागे खेचलं त्यांना. तो पहिला धक्का."

"मग?"

"वाचले. काळ आला होता, वेळ आली नव्हती. पण ते भडकले. मला म्हणाले..." तो थांबला. "म्हणाले, बहिणीच्या घरात फुकट राहून मला शहाणपण शिकवतोस? तीस वर्षांत असं कधी बोलले नव्हते हो. कधीच नाही. माझ्या डोक्यात काय झालं कुणास ठाऊक. मी ढकललं. छातीवर दोन्ही हात ठेवून. तो दुसरा. ताई तेवढ्यात आवाज ऐकून दारात आली होती. तिने तोच पाहिला."

मला बचाव सापडला होता. दोन धक्क्यांमध्ये मिनिटभराचंही अंतर नव्हतं. पात्याखालून माणूस ओढला, त्या झटापटीत तोल गेला, एवढंच सांगायचं. मागे पुरावा म्हणून डॉक्टरचा कागद. मी त्याला हे समजावलं तेव्हा तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला उलटा पुठ्ठा लावलेलं पुस्तक दाखवतेय.

"दोन वेगळे होते, वकीलबाई. पहिला त्यांच्यासाठी होता. दुसरा माझ्यासाठी. ते एकत्र शिवता नाही येणार."

"मग निदान पहिला तरी सांगू या."

"त्यासाठी डोळ्यांचं सांगावं लागेल. ताईला कळेल. ती म्हणेल, मला का नाही सांगितलं? नवऱ्यावर रागावेल ती. मेलेल्या माणसावर रागवायचं, आणि समजूत घालायला तो नाही. काय करायचं तिने त्या रागाचं?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं, आणि ती सगळी त्यानेच बांधलेली होती.

उत्तर दिलं भाचीने. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, अशिलाचं बोलणं बाहेर काढता येत नाही; पण नोंदीवरची मामाची सही तिनेच पाहिली होती, बाकीचं तिने जुळवलं. ती त्याला भेटायला गेली आणि जाळीपलीकडून म्हणाली, "मामा, आई मला रोज एकच विचारते. सकाळी उठल्यावर विचारते, भांडी घासताना विचारते. त्याने असं का केलं? का? तुम्ही तिला त्रास होऊ नये म्हणून गप्प बसलाय ना? हाच त्रास आहे तिला."

दोन दिवसांनी त्याने मला निरोप धाडला. ताईला एक प्रश्न विचारा, पण आंधळा हा शब्द वापरू नका.

ताईंची साक्ष होती त्या दिवशी कोर्टात फारशी गर्दी नव्हती. पंखा कुरकुरत होता आणि शिपाई मध्येच खिडकी लावून गेला. ताई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. ठेंगण्या बांध्याच्या, केस नीट बांधलेले, सुया धरून धरून अंगठा चपटा झालेला. समोर आरोपीच्या पिंजऱ्यात सख्खा भाऊ. सरकारी वकिलाने सरळ विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. आवाज ऐकला, दारात आले, भावाने यांच्या छातीवर हात ठेवून ढकलताना पाहिलं. चेहऱ्यावर राग होता? होता.

मग मी उठले. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो उलटतपासणीत विचारायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी तो बाजूला ठेवला.

"ताई, तुमच्या यजमानांच्या नजरेचा काही त्रास होता का?"

"होता."

"तुम्हाला कधी कळलं?"

"ते जायच्या दोन वर्षं आधीच."

मागे काहीतरी खडखडलं. बाइंडरने पिंजऱ्याचा कठडा धरला होता.

"त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"नाही. ते लपवायचे." त्यांचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. "औषधाची बाटली बुटांच्या कपाटात ठेवायचे. मला वाटलं, लपवतायत तर लपवू दे, पुरुषमाणूस आहे, मानी आहे. मी काही बोलले नाही. त्यांच्या वाटेतलं सामान तेवढं बाजूला करून ठेवायचे. चहाचा कप बरोबर पुढ्यात द्यायचे. भावालाही बोलले नाही. म्हटलं त्याला कळलं, तर तो यांना दुकानातूनच उठवेल आणि यांच्या जिवाला लागेल."

तिघं एका घरात राहत होते, एका दुकानात काम करत होते, आणि दोन वर्षं प्रत्येकजण दुसऱ्याला जपण्यासाठी तीच एक गोष्ट पोटात घेऊन फिरत होता. त्यातल्या एकाने जरी तोंड उघडलं असतं, तर त्या दुपारी दाजी मशीनपाशी गेले नसते.

मला थांबता आलं असतं. पण पहिला धक्का अजून कुणाला दिसला नव्हता.

"तुम्ही दारात आलात तेव्हा मशीनवर कागद होते?"

"होते. वह्यांचा गठ्ठा."

"कापून झालेला?"

"नाही. अर्धवट. तसाच लावून..." त्या थांबल्या. कपाळावर आठी आली. शिवणकाम करणाऱ्या बाईला गठ्ठा कुणी लावला ते बघून कळतं. "तो त्यांनी लावला होता. कडा जुळल्या नव्हत्या. त्यांना कडा दिसायच्या नाहीत." मग अगदी हळू, जणू खोलीत त्या एकट्याच होत्या: "ते मशीनवर होते?"

त्यांनी भावाकडे पाहिलं. "म्हणून ओरडलास तू? पहिला आवाज तुझा होता."

न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदाराने आरोपीशी बोलू नये." पण म्हणाले ते हलक्या आवाजात, आणि शिपायाला पाणी द्यायला सांगितलं.

ताई पाणी प्यायल्या. पदराने तोंड पुसलं. मग न विचारताच म्हणाल्या, "त्याने वाचवलं असेल आधी. वाचवलंच असेल. पण नंतर ढकललं ते रागाने, साहेब. ते मी बदलणार नाही. मी पाहिलंय."

आता सगळं बाइंडरच्या जबाबावर होतं. आदल्या दिवशी मी त्याला जाऊन भेटले. म्हटलं, दाजी तुम्हाला जे लागट बोलले ते तरी कोर्टाला सांगा. चिथावणी होती असं धरलं तर शिक्षा आणखी कमी होईल. तो म्हणाला, "एकदा बोलले ते. तीस वर्षांतलं एक वाक्य. तेवढंच कागदावर यावं त्यांचं?"

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्याने मशीनचं सांगितलं, खेचलं ते सांगितलं. मग म्हणाला, "त्यानंतर आमचं काही बोलणं झालं. मला राग आला. मी ढकललं. मरावेत असं नव्हतं मनात. पण ढकललं ते रागानेच. ताई म्हणते ते खरं आहे."

सरकारी वकिलाने माझ्याकडे बघून खांदे उडवले. असा आरोपी त्यालाही नको असतो. भांडायला काही उरतच नाही.

दोन वर्षांची शिक्षा झाली. आत काढलेले आठ महिने त्यातून वजा. मूळ आरोपात दहा वर्षांपर्यंतची तरतूद होती, त्यामुळे बाररूममधल्या वकिलांनी माझं अभिनंदन केलं. एकाने पाठीवर थाप मारली. मी जिन्यात जाऊन उभी राहिले, कारण मला माहीत होतं की दुसऱ्या धक्क्याबद्दल थोडं कमी बोलला असता तरी हा माणूस घरी गेला असता. आणि हेही माहीत होतं, की तसं घरी गेलेल्या माणसाला ताईच्या समोर बसता आलं नसतं. मग जिंकलो म्हणायचं की हरलो, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

तुरुंगात त्याला कार्यालयाच्या नोंदवह्या बांधायचं काम मिळालं. भाची महिन्यातून दोनदा जायची. ताई एकदाही गेल्या नाहीत. पण दुकान त्यांनी बंद केलं नाही. कटिंग मशीन चालवायला त्या स्वतः शिकल्या. मी एकदा फायली घेऊन गेले तर पायट्यावर पाय ठेवण्याआधी दोन्ही हात वर करून स्वतःला दाखवत होत्या, दहाही बोटं, लहान मुलाला दाखवावीत तशी. मी भावाबद्दल काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "वकीलबाई, मला त्याचा राग नाही हो. राग असता तर जाऊन चार शब्द सुनावले असते, मोकळी झाले असते. त्याच्यासमोर जायचं म्हटलं की मला हे दिसतात. आणि मग वाटतं, मी तरी कुठे बोलले?"

तो सुटला तेव्हा दाराशी भाची आणि मी होतो. त्याने बस डेपोच्या मागे एक खोली भाड्याने घेतली. मशीन नाही, दाबयंत्र नाही. हाताने होईल तेवढंच काम. जुनी वाचनालयं, एखादा हौशी प्राध्यापक. वर्षभराने ताईंकडून काम यायला लागलं. भाची लॅबमधून येता येता कागदांच्या घड्यांचं गाठोडं त्याच्या दारात ठेवायची, आठवड्याने शिवलेलं परत न्यायची. चिठ्ठी नसायची, निरोप नसायचा. फक्त एकदा ताईंनी धागा बदलून जाड पाठवला होता, कारण आदल्या खेपेला शिवण सैल आली होती. त्याने तो धागा मला दाखवला. "तिच्या लक्षात आलं," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसतही होता.

परवा भाचीने लग्न केलं, नोंदणी कार्यालयात. कागद मीच तयार केले होते. मुलीकडून दोन साक्षीदार लागणार होते. तिने आईला आणि मामाला सांगितलं, दोघांना वेगवेगळं, आणि दुसऱ्यालाही बोलावलंय हे दोघांनाही सांगितलं. दोघंही आली. त्या लांबट खोलीत टेबलाच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी उभी राहिली. कारकुनाने रजिस्टर फिरवलं. आधी ताईंनी सही केली, मग पेन त्याच्या हातात दिलं. पेन देताना बोटांना बोटं लागली असतील, मी नीट पाहिलं नाही. त्याने सही करण्याआधी रजिस्टरच्या कण्यावरून सवयीने अंगठा फिरवला.

बाहेर पडताना व्हरांड्यात ताई थांबल्या. कोर्टातल्या त्या प्रश्नानंतर साडेतीन वर्षांनी त्याच्याशी पहिलं वाक्य बोलल्या.

"जेवलास का?"

"हो," तो म्हणाला.

त्यांनी मान हलवली. पर्सचा बंद नीट केला, आणि मुलीच्या गाडीकडे चालू लागल्या. तो त्या वळेपर्यंत बघत राहिला. मग मला म्हणाला, "सकाळपासून पोटात काही नाही, वकीलबाई."

"मग हो का म्हणालात?"

"नाही म्हणालो असतो तर घरी चल म्हणाली असती."

मी त्याला समोरच्या हॉटेलात घेऊन गेले. त्याने ताट मागवलं आणि निम्मं तसंच ठेवलं.